उथळ वाटी

भिंगरी सात वर्षांची झाली, म्हणजे अंदाजे.
कोठ्यावर टिनं टाकली त्या साली
ती मुठीएवढी होती, हे पक्कं.
आता हरभरा घाट्यावर आलाय
आणि भिंगरी लागावर.
दरवेळी पुढच्या साली, पुढच्या साली म्हणत
मी तिला कोंडत आले.

कवडू मडावी कुंपणापाशी उभा.
"दोन पिल्लं माही, आत्ताच सांगून ठेवतो.
डुकराचा कळप एकटी फिरवते थे,
असं रगत वाया जाऊ द्याचं काय, वच्छलाबाई?"
सोबत त्याचा शेऱ्या, छातीला रुंद, एक कान फाटलेला,
काट्यांतून नाक घालून वास घेत.
मास्तरांनी एक मागून ठेवलंय, गिरणीवाल्यानं एक,
बहिणीच्या जावयानं तर नावही ठरवलं.
न जन्मलेली पिल्लं
आठवड्याभरात वाटून संपली.

फक्त सकाळी उठताना
ती आधी पुढचे पाय उचलते,
मग थांबते,
मागचं अर्धं अंग कुणाला तरी विचारून आणायचं असल्यासारखी.
धावताना मागचे दोन्ही पाय जोडून टाकते, सशावाणी.
पोट्टे हसतात. मीही हसायची.

वर्ध्याला नेली, मालवाहू ऑटोत, पोत्यावर.
डॉक्टर नेवाऱ्यांनी काळा फोटो उजेडासमोर धरला.
"हा खुबा. हाडाचा गोळा वाटीत बसायला पाहिजे.
हिची वाटी उथळ आहे, बशीसारखी."
म्हटलं, पिल्लांना येईल?
"येईलही, येणारही नाही.
मी लिहून नाही देऊ शकत."
मग चष्मा पुसत,
"आणि या वयात पहिलं वेत.
तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला मी काय सांगू."

मला सांगायचं राहिलंच:
हिची माय, काशी,
शेवटची दोन वर्षं मागचं धड फरफटत हिंडली.
मुतायला मी न्यायची,
पोटाखालून लुगड्याची पट्टी घालून, उचलून.
तेव्हा आम्ही म्हणायचो, म्हातारपण.
आठ वर्षांची होती.

माझ्या आईनं मला पाटल्या दिल्या नाहीत,
हा उजवा गुडघा दिला.
ठरवून थोडीच दिला तिनं.

रात्री माळ्यावर बसून उलटंही मोजून पाहिलं.
भिंगरी गेली की या वावरात तिचं काय उरेल?
डुकरासाठी वेगळं, माणसासाठी वेगळं असलेलं ते भुंकणं,
पाणी पिताना डोळे मिटून घेणं,
सगळं एका उथळ वाटीपायी
सांडून द्यायचं?
उत्तर आलं नाही. डुकरं आली.
ती गेली, सशावाणी उड्या टाकत, पिटाळून आली,
आणि पहाटेपर्यंत
कूस बदलत कण्हत राहिली.

मी कडी लावली.
एकदा ठरवलं की झालं, असं नसतं ते.
एकवीस दिवस, रोज दिवेलागणीला,
तीच कडी, तोच हात.
आत ती दार ओरबाडते,
बाहेर शेऱ्या आणि गावातले सहा-सात,
थंडीत कुडकुडत, आपसात गुरकत.
नवव्या रात्री उठून मी कडीला हात लावला होता.
हे कवडूला सांगितलेलं नाही.
तो म्हणाला, "दगडाच्या काळजाची हो तुमी."
म्हटलं, व्हय.

फाल्गुनात हरभरा निघाला.
कुटाराच्या ढिगात तिनं खड्डा उकरला,
गिरणीवाल्याच्या नातवाची एका पायाची चप्पल
कुठून तरी उचलून आणली,
पोटाशी घेऊन बसली. चाटते.
जवळ गेलं की दात दाखवते, मलासुद्धा.
थानांत दूध उतरलंय.

डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होतं कधीकधी,
काढून घ्या, आठवड्यात विसरेल.

नातू काल विचारायला आला होता,
एक पाय अनवाणी.
म्हटलं, नाही बा दिसली.